साडेचारशे ढांगा

सूर्य आला पोषण आहाराच्या खोलीतून.
यमुनाबाईंनी देताना दोनदा बजावलं,
"कोहळं हाय मॅडम, फोडू नका,
बारा वाजता मले खिचडीत लागते."
कुमरे मॅडमनी पट्टी लावली. चौदा सेंटिमीटर.
इतक्या खूश झाल्या,
जणू त्यांनीच वेलावर मापात वाढवलं होतं.

बाकीचेही त्याच खोलीतले.
पृथ्वी आणि शुक्र, मोहरीचे बारके दाणे.
बुध, मंगळ, रव्याचे कण,
त्यातला मंगळ शिंकेत गेला, दुसरा आणला.
गुरू-शनीला बांधावरची गावठी बोरं,
शनीच्या बोराला गवताच्या काडीचं कडं.
युरेनस, नेपच्यून: तुरीचे दोन दाणे.
प्लूटोला काही उरलं नाही.
"तो नाल्यापलीकडं आहे, तिकडं जायची परवानगी नाही,"
मॅडम म्हणाल्या.
(पुढं ग्रहांच्या पटावरून त्याचं नाव कमी झालं,
आमच्या सुकेशिनीचं झालं तसं,
वीटभट्टीवर गेली ती, सततच्या गैरहजेरीनं.)

सूर्य झेंड्याच्या ओट्यावर ठेवला
आणि मॅडम ढांगा टाकत निघाल्या,
एक ढांग, एक मीटर.
पंधराव्या ढांगेला पृथ्वी, पाण्याच्या रांजणाशी.
फाटकाबाहेर गुरू.
हापशीवर शनी, बादल्यांच्या रांगेत.
जिनिंगच्या तारेपाशी युरेनस.
"आता नेपच्यून. साडेचारशे. कोण जाते?"
सगळे माझ्याकडंच पाहू लागले.
"वनमाला जाईन ना मॅडम, थे तं तिकडचीच हाय."

मी रोज जिथून शाळेत येत होते
तिथंच मला पाठवलं होतं.
रपट्याजवळ, बेड्याच्या तोंडाशी,
आमचं घर तिथून चौथं.
माय कापूस वेचायला गेलेली.
शेळीनं तळहाताकडं पाहिलं, मी मूठ आवळली.
वळून बघितलं तर
शाळा काडेपेटीएवढी, झेंड्याचा खांब रेघेएवढा,
कोहळं तर दिसायचा प्रश्नच नव्हता.

निघण्याआधी मॅडमनी सांगितलं होतं,
या मापात उजेड मुंगीच्या चालीनं चालतो.
ओट्यावरून खरंच एक मुंगी निघाली होती,
आठ मिनिटांत ती रांजणापाशी पोचली असती,
वाटेत साखर सांडली नसती तर.
माझ्यापर्यंत, मॅडम म्हणाल्या होत्या, चार तास.

म्हणून मी उभी राहिले.
घंटा झाली. लांबून, लोटा पडल्यासारखी.
पोट्टे पळाले, हे मला नंतर कळलं,
प्रज्ञाशीलनं गुरू खाल्ला, बी चुलीमागं थुंकली,
सूर्याच्या फोडी झाल्या.
मी जागेवरच.
हलायचं नाही, असं सांगितलं होतं,
आणि मुंगी अजून यायची होती.

मॅडम आल्या तेव्हा धापा टाकत होत्या,
एका हातानं निऱ्या उचललेल्या,
दुसऱ्या हातात झाकलेली थाळी.
काही बोलल्या नाहीत. रपट्याच्या कठड्यावर बसल्या,
मला शेजारी बसवलं.
खिचडीत कोहळ्याच्या चार फोडी होत्या,
कोमट.
मी जेवत असताना नाल्याकडं बघत म्हणाल्या,
"तिथलं एक वर्ष म्हणजे आपली एकशे पासष्ट वर्षं.
फार सावकाश फिरतो गं तो.
पण वाट सोडत नाही."

दाणा मुठीत राहिला, घामानं ओला.
रात्री फ्रॉकच्या खिशात विसरला,
आईनं दगडावर धुतला तेव्हा
फुगून दोन डाळी झाल्या होत्या.
तिनं त्या शेळीला टाकल्या.

आता मी चौतीस वर्षांची.
रांजण गेला, तिथं फिल्टर बसला,
जिनिंग बंद, हापशीचा दांडा कुणी काढून नेला.
बेडा तिथंच आहे, तेवढ्याच ढांगांवर.
परवा कुणीतरी सहज म्हणालं,
"आता वय झालं वनमाला, आता काय शिकतेस?"
मी मनातल्या मनात भागाकार केला.
नेपच्यूनच्या हिशेबानं
मला जेमतेम अडीच महिने झालेत.
आत्ता कुठं
मान धरायला लागलेय.